खंडेनवमीचा विसावा

या, असे जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात तर नीट ऐकू यायचं नाही, आणि ही गोष्ट कानांचीच आहे. काशीराम नावाच्या माणसाची, मरोळच्या एका हॉस्पिटलातली. मधलं काही न गाळता सांगेन, अगदी सांगताना जीभ अडखळली तरी. तुम्ही फक्त कान इकडे ठेवा.

तर तो मंगळवार होता, आणि काशीराम गोरेगावहून मरोळला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसला होता. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा, आणि डब्याखाली चार घड्या घातलेला टाईप केलेला कागद. त्या कागदावर अकरा वाजता त्याला सही करायची होती. बस आरे कॉलनीत शिरली, झाडांची सावली काचेवरून सरकायला लागली, गोठ्यांचा तो ओला, आंबूस वास आत आला. एरवी हा वास आला की त्याला बरं वाटायचं, गावच्या गुरांच्या वाड्याची आठवण यायची. एवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. त्याने काढून बघितला. निळी चौकट, तिच्यात एक ओळ, की नवीन अपडेट तयार आहे, आत्ता करायचं की नंतर. एवढंच. रोज हजारो लोकांच्या खिशात येते तसली ओळ. पण काशीरामचा अंगठा त्या चौकटीपाशी जाऊन इतका वेळ तसाच राहिला की शेजारची बाई म्हणाली, "काका, चक्कर येतेय का? पाणी देऊ?" तो म्हणाला, "नाय नाय, काय नाय," आणि मोबाइल उलटा करून मांडीवर दाबून बसला. त्याच्यातून कुणी बाहेर येऊ बघतंय आणि याला ते आतच धरून ठेवायचंय, असं त्याला वाटत होतं. हे वाटणं खुळ्यासारखं आहे हेही त्याला कळत होतं, पण हात काही हलला नाही.

काशीराम हॉस्पिटलचा मेंटेनन्सवाला. तीस खाटांचं हॉस्पिटल, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीतलं. लिफ्ट अडकली, पंखा कुरकुरला, जनरेटर सुरू होईना, की बोलवा काशीरामला. बावीस वर्षं त्याने ही सगळी यंत्रं नुसत्या कानाने ओळखली होती. लिफ्टची मोटर तिसऱ्या मजल्यावर कशी कण्हते, जनरेटरला दम कधी लागतो, हे तो खाली चहा पिता पिता सांगायचा. हा कान त्याला कीर्तनाने दिला होता. लहानपणापासून बुवांच्या समोर पहिल्या रांगेत बसून त्याने टाळ ऐकला होता, अर्धी मात्रा सुटली तरी त्याच्या मानेला झटका बसायचा. पण गेल्या काही वर्षांत यंत्रांच्या जागी कॉम्प्युटर आले आणि त्यांना आवाजच नव्हता. ते आजारी पडायचे तेसुद्धा मुकाट्याने, आणि बहुतेक वेळा औषध पिऊनच आजारी पडायचे. म्हणजे अपडेट. एका अपडेटने खालच्या काउंटरचा प्रिंटर खाल्ला, दोन दिवस रिपोर्ट हाताने लिहावे लागले. ते सुधारायला दुसरं आलं, त्याने एक्सरेच्या खोलीतला स्क्रीन आडवा केला. एकदा तर ओपीडीत साठ माणसं ताटकळत असताना सगळे स्क्रीन निळे झाले आणि मध्ये एक गोल फिरत राहिला, की जरा थांबा, आम्ही तयारी करतोय. कसली तयारी, कुणासाठी, ते नाही. लोक मात्र काशीरामच्या अंगावर यायचे. कॉम्प्युटरचं कंत्राट होतं प्रीतमकडे, घाटकोपरचा तिशीतला माणूस, बोलायला गोड. तो फोनवर म्हणायचा, "काका, कंपनीने पॅच दिलाय ना, त्याच्यात लोचा निघाला. आता त्या पॅचला पॅच येणारे. टेन्शन नका घेऊ." काशीराम म्हणायचा, "अरे माझ्या पँटीला नाही एवढी ठिगळं तुझ्या मशीनला." प्रीतम हसायचा.

आयसीयूच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मात्र वेगळा होता. सहा खाटांवरच्या सहा मॉनिटरच्या रेघा त्याच्यावर एकत्र दिसायच्या, आणि कुणाचं काही बिघडलं की त्याच्या बाजूच्या काळ्या डबीतून अलार्म वाजायचा, तीन टिंग, मग दोन, मग परत तीन. खाटांवरच्या मॉनिटरचा आवाज अगदी बारीक ठेवलेला, पेशंट दचकतात म्हणून. सगळा भरवसा त्या डबीवर. जूनपासून त्या स्क्रीनच्या कोपऱ्यात ती चौकट यायला लागली, आत्ता की नंतर, आणि प्रीतमने बजावून सांगितलं होतं, "काका, आयसीयूचा पीसी बंद करू नका हां. नवीन पॅच बेकार आहे, दोन ठिकाणी वाट लागलीय. दिवाळीनंतर मी स्वतः येऊन बघतो. तोपर्यंत नंतर दाबत राहा." काशीराम चार महिने रोज सकाळी जाऊन नंतर दाबत होता. ती चौकट रोज त्याच अदबीने परत यायची. दारात येऊन काही न मागता उभ्या राहणाऱ्या माणसासारखी.

बस एका वळणावर थांबली. दोन पोरी चढल्या, आकाशकंदिलाच्या काड्यांची मोळी घेऊन. दिवाळीला आठवडाही उरला नव्हता. काशीराम त्या काड्यांकडे बघत राहिला आणि त्याला वडील दिसले, गिरणीतले. खंडेनवमीला ते त्याला बोट धरून खात्यात घेऊन जायचे. वर्षभर कानठळ्या बसवणारं ते खातं त्या दिवशी गप असायचं. माग पुसून, तेल देऊन, झेंडूच्या माळा घालून उभे. एकदा सहा-सात वर्षांचा काशीराम शेजारच्या, अजून पुरतं न थांबलेल्या चाकाला हळद लावायला धावला तेव्हा वडिलांनी त्याला मागे ओढलं आणि म्हणाले, "चालत्या यंत्राक गंध लावूचा नाय. आधी तेका इसावो दी. वरसभर तेणा आमका पोसल्यान." मग शांत झालेल्या लोखंडावर त्यांनी त्याचा हात ठेवला. लोखंड अजून कोमट होतं. ती ऊब काशीरामच्या तळहातात राहून गेली होती. हॉस्पिटलात आल्यापासून दर खंडेनवमीला तो एकेक यंत्र बंद करायचा, पुसायचा, गंध-फूल वाहायचा, हात जोडायचा आणि परत सुरू करायचा. ज्याच्यावर पेशंटचा श्वास चालू आहे त्याला मात्र लांबूनच नमस्कार. एवढं तारतम्य त्याला होतं. तेच तो आता स्वतःला परत परत सांगत होता, की एवढं तारतम्य होतं मला.

यंदाच्या खंडेनवमीला संध्याकाळी पाच वाजता तो तबक घेऊन आयसीयूत गेला. ड्युटीवर रश्मी होती, ती म्हणाली, "करा काका पटकन, पण पेढा ठेवून जा." सहाही खाटा भरलेल्या. चार नंबरवर जयवंत म्हणून साठीचे गृहस्थ होते, वसाहतीतच पुठ्ठ्याचे खोके बनवायच्या कारखान्यात मशीन चालवलेले. ते तबकाकडे बघून म्हणाले, "आमच्या पण मशीनला एक फूल वाहा की, बुवा," आणि स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं. काशीराम हसला, एक झेंडू त्यांच्या उशाशी ठेवला. मग टेबलापाशी आला. प्रीतमचं बोलणं त्याला आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण त्याला वाटलं, खाटांवरचे मॉनिटर चालू आहेतच, हा नुसता त्यांचा आरसा आहे, दहा मिनिटं आरसा झाकला म्हणून चेहरा थोडाच जातो. आणि बारा महिने ज्याने डोळ्यांत तेल घालून पहारा दिला त्याला एकट्यालाच विसावा नाही, हे त्याच्या जिवाला बरं वाटेना. बंद करायला गेला तर दोन पर्याय आले. एक, नुसतं बंद करा. दुसरा, अपडेट करून बंद करा. इथे बघा, काशीरामचं बोट पहिल्यावरच होतं. मग त्याच्या मनात आलं, आज चांगला दिवस आहे. देवासमोर जे करायचं ते आज नाही तर कधी. आज केलेलं वाईट होणार नाही. चार महिन्यांचा तो दारातला माणूसही एकदाचा वाटेला लागेल. आणि त्याने दुसरं दाबलं. बोटाला ओलं गंध होतं, ते माउसला लागलं.

दहा मिनिटांची चाळीस झाली. टक्के चढत राहिले, एका जागी अडले, परत चढले. सहा वाजता मरोळच्या देवळात कीर्तन होतं, एक नावाजलेले बुवा पहिल्यांदाच येणार होते. शेवटी स्क्रीन उजळला, सहा खाटा, सहा हिरव्या रेघा. काशीरामने फूल वाहिलं, हात जोडले. एरवी कॉम्प्युटर बंद करून सुरू केला की तो रिकाम्या खाटेची वायर काढून बघायचा, अलार्म वाजतो का. ही त्याची स्वतःची पद्धत, कुणी शिकवलेली नव्हे. त्या दिवशी रिकामी खाट नव्हती. पेशंटच्या छातीवरची वायर कशी काढायची, आणि पावणेसहा झालेले. त्याने डोळ्यांनी बघितलं आणि तो गेला. कीर्तन सुरेख झालं. पूर्वरंग संपता संपता झांजवाल्याची अर्धी मात्रा सुटली, तेव्हा पहिल्या रांगेतून काशीरामने बोट वर केलं, बुवांनी त्याच्याकडे बघून मान डोलावली. त्या मानेचं त्याला रात्रभर कौतुक वाटलं होतं. आता बसमध्ये त्याला ते बोट आठवलं. अर्धी मात्रा ऐकू आली रे तुला, तो स्वतःला म्हणाला. अर्धी मात्रा.

दसऱ्याला तो खालीच कामावर होता, दुपारी साडेतीनच्या आधी आयसीयूतून फोन आला. तो धावत पोचला तेव्हा चार नंबरचा पडदा ओढलेला होता. ड्युटीवर संघमित्रा एकटीच, सहा खाटांना एकटी, कारण दुसरी सिस्टर सणाला गावी गेलेली. खरं तर सुट्टी संघमित्राची होती. तिच्याही घरी तो मोठा दिवस, आईला चैत्यभूमीवर न्यायचं तिने कबूल केलं होतं. पण रश्मीच्या घरी पाहुणे येणार म्हणून संघमित्राने तिच्याशी ड्युटी बदलून घेतली. ती एक नंबरच्या आजोबांना कुशीवर वळवून त्यांची पाठ पुसत होती. वळून बघितलं तेव्हा स्क्रीनवर चारची चौकट लाल. "काका, अलार्म वाजलाच नाही," ती म्हणाली. काशीराम टेबलापाशी गेला. कोपऱ्यातली आवाजाची खूण उघडून बघितली. अपडेटने आवाजाची वाट बदलली होती. अलार्म त्या काळ्या डबीकडे न जाता स्क्रीनकडे जात होता, आणि त्या स्क्रीनला स्पीकरच नव्हता. काल संध्याकाळपासून कॉम्प्युटर मुक्याने ओरडत होता. काशीरामने काही ठरवलं नाही हो. बावीस वर्षांची सवय, बिघडलेलं दिसलं की दुरुस्त करायचं. त्याने डबी निवडली, आणि चार नंबरचा अडकून राहिलेला अलार्म सगळ्या आयसीयूभर वाजायला लागला. त्याच क्षणी दारात मेट्रन अनुपमा मॅडम आणि मोठे डॉक्टर उभे. मॅडम म्हणाल्या, "वाजतोय की. चांगला वाजतोय." संघमित्राने काशीरामकडे बघितलं. काशीरामने माउसकडे बघितलं. त्याच्यावर वाळलेल्या गंधाचा ठसा होता, त्याच्याच बोटाचा. तो काही बोलला नाही. पहिला एक क्षण बोलला नाही, मग दुसरा, आणि नंतर प्रत्येक क्षणाला बोलणं आधीपेक्षा जड होत गेलं.

आज त्याला चौदा दिवस झाले होते. काल जयवंतांचं तेरावं झालं. कागदावर लिहिलं होतं, घटनेनंतर तपासणी केली असता अलार्म सुस्थितीत आढळला. यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. हेच त्याला सोसत नव्हतं. खोटं असतं तर सही करून तोंड लपवता आलं असतं. तो कीर्तनाला जायचा थांबला होता. टाळ कानावर आला की त्याला टाळ ऐकू येईना, दोन टाळांमधली जागा ऐकू यायची. ती जागा वाढत वाढत जायची आणि तिच्यात एक माणूस उताणा पडलेला असायचा. आज सकाळी चहाच्या वेळी त्याने बायकोला, शेवंतीला, सगळं सांगून टाकलं. ती पोळी लाटत होती. तो म्हणाला, "देवाच्या कामात असा कसा झाला गे? माजो भाव खरो होतो." शेवंतीने लाटणं थांबवलं नाही. "तुमी देवाक मदी घालू नकात," ती म्हणाली. "बटन देवान दाबूक नाय. तुमी दाबलात." मग डबा भरून पिशवीत ठेवताना, खालचा कागद चुरगळणार नाही अशा बेताने ठेवला, आणि म्हणाली, "चार महिन्यांनी निवृत्त होतलास. ता माका म्हायत आसा. जावा आता."

मरोळला बस रिकामी झाली. हॉस्पिटलसमोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर संघमित्रा बसली होती, साध्या कपड्यांत. दोन आठवडे तिला कामावर घेतलं नव्हतं. काशीरामला बघून ती उठली नाही, थोडी सरकली मात्र.

"तुमचं अकराला ना, काका?"

"हो."

"माझं सव्वाअकराला. म्हणजे तुमच्या सहीची शाई वाळेपर्यंत मला आत घेतील. वाचून दाखवायला बरं."

काशीराम तिच्या शेजारी टेकला. म्हणाला, "डबा नाही आणलास?"

"कशाला? काढून टाकलं की घरीच जेवायचंय." ती हसली, पण ते हसू तिथल्या तिथे विरलं. मग रस्त्याकडे बघत ती म्हणाली, "एक विचारू? तुमचा कान चांगला आहे म्हणतात सगळे. माणसाला समोर वाजलेलं ऐकू येत नाही, असं होतं का हो? पहिले चार दिवस मला पक्कं माहीत होतं, वाजला नाही म्हणून. मग मॅडम म्हणाल्या, डॉक्टर म्हणाले, भाऊ पण म्हणाला, थकली असशील गं, लक्ष नसेल. आता झोपले की वाजतो. तीन, दोन, तीन. मी उठून बसते. आता मलाच वाटायला लागलंय की तो वाजला असेल, मीच ऐकला नसेल. नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण पुन्हा पेशंटसमोर उभी राहिले आणि माझ्या कानांवर माझाच विश्वास नसला, तर काय करू मी?"

काशीरामने तिच्याकडे बघितलं. पंचविशीतली मुलगी, डोळ्यांखाली काळं आलेलं, आणि मान जराशी कलती. सतत काहीतरी ऐकायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाची मान. ही मान त्याच्या ओळखीची होती. आयुष्यभर त्याने स्वतः ती तशी धरली होती. आपण हिची नोकरी घेतली नाही, हिचा कान घेतला, हे त्याला एकदम कळलं. एवढं कळल्यावर मागे फिरायला वाट उरली नाही.

"नव्हता वाजला," तो म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

मग त्याने सांगितलं. खंडेनवमी, गंध, दुसरा पर्याय, चाळीस मिनिटं, काळी डबी. सांगताना तो तिच्याकडे न बघता समोरच्या गटाराच्या झाकणाकडे बघत होता. सांगून झालं. मग तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि ढसाढसा रडली. त्या रडण्यात राग होता की सुटका, ते काशीरामला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क त्याला नव्हता. शेवटी ओढणीने नाक पुसून ती म्हणाली, "चौदा दिवस, काका." एवढंच. आणि मग, "मला काय सांगताय. आत जा."

आतल्या खोलीत मोठे डॉक्टर होते, अनुपमा मॅडम, ट्रस्टचे एक गृहस्थ, लॅपटॉप उघडून बसलेला प्रीतम, आणि भिंतीशी जयवंतांच्या पत्नी, मृणालिनी. मॅडमनी पेन पुढे केलं. काशीरामने कागद टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच बोलायला लागला. बोलणं लांब झालं नाही. मॅडम म्हणाल्या, "काशीराम, नीट आठव. अलार्म मी माझ्या कानांनी ऐकलाय."

"ऐकलात, मॅडम. तो मी वाजवला."

ट्रस्टचे गृहस्थ म्हणाले, याला जरा बाहेर बसवा, घाबरलाय बिचारा. प्रीतमने मान खाली घातली होती. तेव्हा भिंतीकडून मृणालिनीबाईंचा आवाज आला, अगदी हळू. "किती वेळ?"

कुणालाच प्रश्न कळला नाही. त्या परत म्हणाल्या, "ते लाल किती वेळ होतं?"

डॉक्टरांनी हात वर केला, पण प्रीतमने तोवर नोंद उघडली होती. कॉम्प्युटरने सगळं लिहून ठेवलं होतं. "तीन वाजून सात मिनिटांनी सुरू," तो वाचत गेला. "तीन अठराला सिस्टरने बघितलं."

"अकरा मिनिटं," मृणालिनीबाई म्हणाल्या. "त्यांनी हाक मारली असेल का हो?"

डॉक्टर म्हणाले, नाही, अशा वेळी काही सेकंदांतच शुद्ध जाते, त्यांना काही कळलं नसणार. बाईंनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही कळलं नाही. काशीराम मात्र त्या अकरा मिनिटांत उभा राहिला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्याने ती मोजायला सुरुवात केली, आणि पाचच झाली तोवर त्याला वाटलं, एवढ्यात एक अख्खा अभंग म्हणून होतो, तरी अजून सहा आहेत.

संघमित्राला त्यांनी काढलं नाही. तिनेच राजीनामा दिला, आता मुलुंडला कुठेतरी काम करते. काशीरामला सांगण्यात आलं की राहिलेले चार महिने घरीच बसा. नोंदीत लिहिलं, तांत्रिक बिघाड. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा नवा पॅच आला म्हणतात.

आता उठायच्या आधी माझं एक मागणं आहे. काशीरामला तुम्ही माफ करा, नका करू, ते तुमच्या मनावर. त्यानेही माफी मागितलेली नाही. पण आज घरी गेल्यावर जेवायला बसायच्या आधी, जयवंत नावाच्या एका माणसाची आठवण करा. पुठ्ठ्याचे खोके बनवायचे, साठीचे होते, बोलायला हौशी. अकरा मिनिटं त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तुमचं असू द्या.